हवालदार आणि दारुडा

मराठी रंगभूमीने आणि मराठी चित्रपटाने राजाची थट्टा केली, प्रधानाची केली, सावकाराची केली, पाटलाची तर मनसोक्त केली. परंतु या सर्व थट्टेत जिव्हाळ्याचा जो एक अंश हवालदाराच्या वाट्याला आला, तो दुसऱ्या कोणाही अंमलदाराला लाभला नाही. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ सालच्या वगनाट्यात दादा कोंडक्यांनी उभा केलेला हवालदार, पुढे दहा वर्षांनी त्यांनीच ‘पांडू हवालदार’ या चित्रपटातून पडद्यावर आणलेला त्याचा मुंबईकर वारसदार, आणि १९८६ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘नुक्कड’ या हिंदी मालिकेत अजय वढावकरांनी साकारलेला गणपत हवालदार हे तिघेही मला एकाच घराण्यातले वाटत आले आहेत. तिघांच्या अंगावरचा गणवेश सरकारचा आहे आणि त्या गणवेशाच्या आत नांदणारा देह रयतेचा आहे. वरिष्ठांपुढे ज्याच्या टाचा जुळतात आणि कपभर चहापुढे ज्याचा दरारा विरघळतो, असा हा मनुष्य सत्तेच्या उतरंडीत इतक्या तळाशी उभा असतो की, त्याच्याकडे पाहताना सत्ता आपल्यापैकीच कोणाच्या तरी हाती आहे, असा भास क्षणभर होतो. कोतवालाची गोष्ट अगदी निराळी. विजय तेंडुलकरांचा ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगमंचावर आला, तेव्हा परमुलखातून आलेल्या आणि भर शहरात अपमानित झालेल्या एका माणसाच्या हाती त्याच शहराचा दंडा दिला म्हणजे तो कसा चालतो, आणि तो दंडा देणारा हात मात्र कसा नामानिराळा राहतो, हे प्रेक्षकांनी श्वास रोधून पाहिले. त्या कोतवालाला पाहून मायेने कोणी हसले नाही. हवालदाराला आपण हसतो, कारण त्याच्या हातून आपला घात होणार नाही अशी आपली खात्री असते. ही खात्री कोणाला असते आणि कोणाला नसते, हा प्रश्न माझ्या मनात कित्येक वर्षे ठाण मांडून बसला आहे, आणि त्याचे कारण मी ज्या मुलखात राहतो तो मुलूख आहे.

मंचेरियल हे गोदावरीच्या उत्तर तीरावरचे, काझीपेठहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. २०१६ साली आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि मंचेरियल स्वतःच एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बनले. तथापि आमच्या पिढीच्या तोंडी अद्याप जुन्या जिल्ह्याचेच नाव आहे, आणि या लेखात मी तेच वापरणार आहे. गावालगत सिमेंटचा कारखाना, आणि मंदमर्री, श्रीरामपूर, बेल्लमपल्ली या बाजूंना सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी. खाणीने माणसे दुरून ओढून आणली. तेलुगू बोलणारा समाज अर्थातच बहुसंख्य. जुन्या कचेऱ्यांची आणि बाजाराची उर्दू. उत्तरेकडून आलेल्या मजुरांची हिंदी. चांदा, राजुरा, किनवट या बाजूंनी आलेल्या घरांतली आमची मराठी. आणि डोंगरातून आठवड्याच्या बाजाराला उतरणारी गोंडी. त्यांतली मराठी ही येथे पाहुणी नव्हे. राजुरा आणि किनवट हे भाग एके काळी याच जिल्ह्याचे तालुके होते. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत ते तोडून मुंबई राज्याला जोडण्यात आले, तेव्हा सरहद्द हलली, माणसे जागच्या जागी राहिली.

१९८२ साली दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रसारण सुरू झाले आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत लहान क्षेपणकेंद्रांचे जाळे देशभर विणले गेले, तेव्हा आमच्यासारख्या आडबाजूच्या गावांत मुंबईच्या एका नाक्याची गोष्ट पोचू शकली. सईद अख्तर मिर्झा आणि कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ‘नुक्कड’ पाहायला आमच्या आळीत ज्यांच्याकडे संच होता त्यांची ओसरी भरून जात असे. विजेची कामे करणारा गुरू, सायकली दुरुस्त करणारा हरी, कादरभाईंचे हॉटेल, करीम हजाम, घनशू भिकारी, आणि सदोदित झिंगलेला खोपडी. ही मंडळी मुंबईची असली तरी स्टेशनाबाहेरच्या आमच्या चौकात त्यांतल्या प्रत्येकाचा जोडीदार दाखविता आला असता. तेलुगू गृहिणींना हिंदी अर्धीमुर्धीच कळे; मग शेजारची उर्दू बोलणारी खाला अर्थ सांगे, आणि तो अर्थ सांगताना तिचे स्वतःचे हसणे आधी सुटे. चौकातल्या एका शिपायाला लोक गणपत म्हणू लागले, आणि त्या भल्या माणसाला ते नाव आवडलेही असावे. कारण त्यानंतर तो चहाच्या टपरीवर पूर्वीपेक्षा अधिक वेळ थांबू लागला. एका मालिकेने एका शिपायाला आणि एका चौकाला परस्परांच्या जवळ आणले, याचा मी साक्षी आहे, आणि कलेच्या या सामर्थ्याविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे.

त्या मालिकेतली मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारी जोडी गणपत आणि खोपडी यांची. समीर खख्खर यांनी रंगविलेला तो दारुडा कायद्याच्या दृष्टीने उपद्रवीच. परंतु नाक्यावर तो आहे म्हणून नाका पुरा आहे, हे हवालदारालाही ठाऊक असते. हवालदार आणि दारुडा यांची ही जोडी जगभर फिरलेली आहे. पुष्कळ वर्षांनी, संगणकाच्या पडद्यावर जुन्या अमेरिकन मालिका पाहता येऊ लागल्या तेव्हा, ‘द अँडी ग्रिफिथ शो’ या नावाच्या मालिकेत मला तीच जोडी पुन्हा भेटली. उत्तर कॅरोलिना राज्यातले मेबेरी नावाचे कल्पित गाव. कमरेला पिस्तूल न लावता गावाचा बंदोबस्त राखणारा शेरीफ अँडी. ज्याला एकच गोळी बाळगण्याची मुभा आहे आणि तीही सदऱ्याच्या खिशात, असा त्याचा घाबरट मदतनीस बार्नी फाइफ. आणि ओटिस नावाचा गावाचा दारुडा, जो प्यायल्यावर आपल्याच पायांनी ठाण्यात येतो, हाताला येईल अशा ठिकाणी टांगलेली किल्ली घेतो, कोठडीत जाऊन निजतो आणि उतरल्यावर सकाळी आपण होऊन बाहेर पडतो. राज्य आणि प्रजा यांच्यातील विश्वासाचे याहून प्रसन्न चित्र मी कोठे पाहिलेले नाही. तुरुंगाची किल्ली कैद्याच्या हाताशी टांगलेली आहे आणि त्यामुळे कोणाचेच काही बिघडत नाही, ही कल्पना ज्या लेखकाला सुचली, त्याने दंडसत्तेचे एक संपूर्ण तत्त्वज्ञानच त्या एका प्रसंगात ओतले असे मी म्हणेन.

परंतु या चित्रात कोण नाही, हे विचारल्याखेरीज ते चित्र पुरते पाहिले असे म्हणता येत नाही. ही मालिका ऑक्टोबर १९६० मध्ये सुरू झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, त्याच उत्तर कॅरोलिना राज्यात, ग्रीन्सबरो येथे, चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारकक्षात जाऊन बसले होते, आणि तेथून सत्याग्रहाची लाट साऱ्या दक्षिणेत पसरली होती. मालिकेचा अखेरचा भाग १ एप्रिल १९६८ रोजी प्रसृत झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ज्या आठ वर्षांत दक्षिणेतले शेरीफ लाठ्या, कुत्रे आणि पाण्याचे फवारे घेऊन आपल्याच देशबांधवांवर धावून गेले, तीच आठ वर्षे अमेरिका आठवड्यातून एकदा मेबेरीच्या निःशस्त्र शेरीफाकडे पाहून सुखावत होती; आणि त्या गावात कृष्णवर्णीय माणूस रस्त्याच्या कडेने कधीमधी जाताना दिसला तरी त्याच्या तोंडी संवाद येण्याचा योग जवळजवळ आलाच नाही. ज्यांनी ती मालिका लिहिली त्यांचे हेतू दुष्ट होते असे मी मुळीच मानीत नाही. ते एका सज्जन गावाचे चित्र काढीत होते, आणि ते सौजन्य टिकावे म्हणून ज्याच्या वाट्याला ते कधी आले नव्हते त्याला चित्राबाहेर ठेवणे त्यांना भाग पडले असावे. कारण त्या खऱ्या गावातला एखादा काळा दारुडा आपल्या पायांनी ठाण्यात शिरला असता, तर किल्ली त्याच्या हाताशी टांगलेली नसती, आणि सकाळी त्याचे काय झाले हे सांगण्यासाठी विनोदी मालिका पुरली नसती.

पुढे १९७७ साली, जॉर्जियातल्या प्लेन्स या खेड्यातले जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले त्याच वर्षी, ‘कार्टर कंट्री’ नावाची दुसरी एक मालिका निघाली आणि दोन वर्षे चालली. तिची जागाही प्लेन्सच्या शेजारचे एक कल्पित गाव, क्लिंटन कॉर्नर्स. ठाण्याचा मुख्य रॉय मोबी हा जुन्या वळणाचा गोरा. त्याच्या हाताखालचा सार्जंट कर्टिस बेकर हा शहरात तयार झालेला, बुद्धीने तल्लख असा कृष्णवर्णीय. कलाकृती म्हणून ती मालिका मेबेरीच्या पासंगालाही पुरत नाही. तिचे विनोद ठरीव आहेत, आणि शतकांचे वैर अर्ध्या तासात मिटविण्याची तिला फार घाई आहे. तरीही एका गोष्टीसाठी मी तिचा गौरव करतो. तिने कृष्णवर्णीय मनुष्याला ठाण्यात आणले, आणि आणले ते कोठडीत नव्हे, तर खुर्चीवर. गोऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडून जातीचा अहंकार निसटला की समोरून तितक्याच धारदार शब्दांत प्रत्युत्तर येते, आणि प्रेक्षक हसतो ते त्या प्रत्युत्तराला. ज्याला आजवर हसले गेले तो आता हसविणारा झाला. एवढे स्थित्यंतर घडण्यास त्या देशाला किती रक्त सांडावे लागले हे आठवले, म्हणजे त्या सामान्य मालिकेतली ती खुर्चीसुद्धा सामान्य वाटत नाही.

‘नुक्कड’चे मोठेपण असे की, तिने आपल्या वर्तुळात हिंदू आणि मुसलमान यांना केवळ शेजारी म्हणून नव्हे, एकमेकांच्या अडचणींचे वाटेकरी म्हणून घेतले, आणि मराठी हवालदाराला त्या वर्तुळाच्या कडेवर उभे न करता मध्ये ओढून घेतले. कादरभाई, करीम आणि गणपत यांच्यातील नात्यात सरकार आणि रयत हा भेद होता, धर्माचा नव्हता. मिर्झांच्या मनातली मुंबई तशी होती. परंतु त्यांनीच १९८९ साली ‘सलीम लंगडे पे मत रो’ हा चित्रपट काढला, तेव्हा नाक्यावर सायकली दुरुस्त करणाऱ्या हरीचे काम करणाऱ्या पवन मल्होत्रा यांनीच त्यात अब्रूने जगण्याची वाट शोधणारा एक मुसलमान भुरटा गुन्हेगार रंगविला; आणि त्या दोन भूमिकांमधल्या तीन वर्षांत मुंबईच्या हवेत काय बदलले होते, याची जाणीव तो चित्रपट पाहणाऱ्याला झाल्यावाचून राहत नाही. त्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ चे दंगे झाले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली आपला अहवाल दिला; त्यात मृतांची संख्या ९०० नोंदलेली आहे, आणि पोलीस दलाच्या वर्तनात मुसलमानांविरुद्ध पूर्वग्रह असल्याचा निष्कर्षही नोंदलेला आहे. तो निष्कर्ष वाचताना मला कादरभाईंचे हॉटेल आठवले. त्या दिवसांत गणपत हवालदार कोठे नेमणुकीवर होता, त्याने कोणाला दार उघडून दिले आणि कोणाकडे पाठ फिरविली, हे सांगणारा भाग कोणी लिहिला नाही. तो लिहावयास हवा होता असे मला आजही मनापासून वाटते.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळतो. निजामी अमदानीत येथल्या ठाण्यात अमीन असे, त्याच्या हाताखाली जमादार आणि जवान. खेड्यात एक पोलीस पटेल, महसुलाचा माली पटेल, आणि दप्तर सांभाळणारा पटवारी. ही वतने नंदमूरि तारक रामाराव यांच्या सरकारने १९८४ साली अध्यादेश काढून रद्द केली, तोपर्यंत जंगलातल्या गोंडाला, कोलामाला किंवा परधानाला सरकार म्हणून जे काही दिसे ते या तिघांच्या आणि जंगलखात्याच्या चौकीदाराच्या रूपाने दिसे. कचेरीची भाषा उर्दू. गोंड गोंडी बोले, आणि दुसरी भाषा त्याला येत असली तर जिल्ह्याच्या उत्तर भागात ती बहुधा मराठी असे; म्हणजे फिर्याद गोंडीत उमटे, मराठीतून पुढे सरके आणि कागदावर उर्दूत उतरे. या प्रवासात तिचे काय होत असेल याची कल्पना करणे कठीण नाही. राज्य बदलले, कागदाची भाषा उर्दूची तेलुगू झाली. फिर्यादीचा प्रवास मात्र तितकाच लांब राहिला.

आणि दारूचा प्रश्न. मोहाचे फूल गोंडाच्या घरी अन्न आहे, औषध आहे, आणि मोहाची दारू देवाच्या पूजेतली, जन्म आणि मृत्यू यांच्या विधींतली वस्तू आहे. तिचे चार थेंब जमिनीवर शिंपडल्यावाचून पितरांचे समाधान होत नाही. अबकारी कायद्याने ती घरी गाळणे हा गुन्हा ठरविला, कारण मद्य हे सरकारी उत्पन्नाचे साधन होते आणि त्याचा मक्ता दुसऱ्यांच्या हाती होता. तेव्हापासून गोंडाची दारू म्हणजे पंचनामा, जप्त केलेले मडके, मुचलका आणि तो टाळण्यासाठी द्यावी लागणारी कोंबडी. मुंबईचा खोपडी पिऊन लोळला तर नाका हसतो. मेबेरीचा ओटिस प्याला तर कोठडी त्याचे शयनगृह होते. जैनूर किंवा उटनूरकडचा म्हातारा प्याला तर त्याच्या नावावर एक गुन्हा चढतो. हे तिघेही एकाच व्यसनाचे धनी आहेत. यांपैकी पहिल्या दोघांना हसण्याचा अधिकार ज्या समाजाने घेतला, त्याने तिसऱ्याला हसण्याचा अधिकार मिळविलेला नाही. तेथे आधी त्याचे भय निवारण करावे लागेल.

ते भय निराधार नाही. आसिफाबादच्या डोंगरात, जोडेघाट येथे, १९४० साली निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात कोमरम भीम आणि त्यांचे साथीदार मारले गेले. मागणी होती ती वनखात्याने राखीव ठरविलेल्या जमिनीवर कसण्याची आणि गुरे चारण्याची. जल, जंगल आणि जमीन ही त्रयी त्यांच्या नावाशी आजही जोडलेली आहे. त्या हत्याकांडाने हादरलेल्या हैद्राबाद सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञास गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले. ते आपल्या पत्नीसह मार्लवाई येथे गोंडांमध्ये राहिले; त्यांच्या शिफारशींवरून जमिनीचे पट्टे वाटले गेले, शाळा निघाल्या, आणि त्या शाळांसाठी गोंडी भाषेची क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी बसून आदिवासींची गाऱ्हाणी समक्ष ऐकावीत म्हणून त्यांच्याच काळी दरबाराची प्रथा पडली, ती आजतागायत चालू आहे. राज्याने रयतेकडे चालत जाण्याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. दुर्दैव एवढेच की ते वर्षातून एकदाच घडते.

त्याच केसलापूरपासून थोड्याच अंतरावर इंद्रवेल्ली आहे. २० एप्रिल १९८१ हा सोमवार होता, इंद्रवेल्लीच्या बाजाराचा दिवस. जमिनीच्या हक्कासाठी गिरिजन रैतू कूली संघमने बोलाविलेल्या सभेला परवानगी नाकारण्यात आली होती. परंतु डोंगरातल्या पाड्यापाड्यांतून निघालेल्या माणसांना जमावबंदीचा हुकूम कोणत्या भाषेत आणि केव्हा पोचला असेल? कोणी सभेला निघाले होते, कोणी मीठमिरची घ्यायला. पोलिसांनी गोळी चालविली. सरकारी आकडा १३ मृतांचा आहे. डोंगरातल्या लोकांचा हिशेब त्याहून पुष्कळ मोठा आहे, आणि तो कोणत्याही दप्तरात मांडलेला नाही. पुढे तेथे स्मारकस्तंभ उभा राहिला, तो पाडला गेला, पुन्हा बांधला गेला. आणि दीर्घकाळपर्यंत असे होत राहिले की, मृतांच्या स्मृतिदिनी त्यांच्याच आप्तांना त्या स्तंभापाशी जाण्यास बंदी असे आणि बंदोबस्ताला पोलीस असत. आमच्या ओसरीवर गणपत हवालदाराला हसणारी मंडळी आणि इंद्रवेल्ली यांच्यामध्ये तेव्हा पाच वर्षांचे आणि एका डोंगररांगेचे अंतर होते. गोळीबाराची वार्ता गावात आली होती, लोक हळहळलेही होते. परंतु ती दुसऱ्या लोकांची वार्ता होती. ओसरीवर पाच भाषांपैकी चार भाषा एकत्र हसत होत्या, पाचवी तेथे नव्हती.

मराठी माणसाने हे लिहिताना आपल्या लोकांचा भाग वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोंडांच्या जमिनी ज्यांच्या ताब्यात गेल्या त्यांत तेलुगू सावकार होते, हैद्राबादचे वतनदार होते, तसे वऱ्हाड-मराठवाड्याकडून आलेले मराठी शेतकरी आणि येथले मराठी पटवारीही होते. ज्या मराठीतून गोंडाची फिर्याद पुढे सरकत असे, त्याच मराठीतून त्याच्या जमिनीची गहाणखतेही समजावून सांगितली जात होती. अनुसूचित क्षेत्रांतील जमीन आदिवासीखेरीज इतरांकडे जाऊ नये असा निर्बंध १९५९ साली आला आणि १९७० साली तो कडक करण्यात आला. तोवर पुष्कळशा चांगल्या काळ्या जमिनी हातातून गेल्या होत्या. पुढे १९७६ साली लंबाडा समाजाचा तेलंगणात अनुसूचित जमातींत समावेश झाला, आणि नोकऱ्या व जमीन यांवरून गोंड आणि लंबाडा यांच्यात जे वितुष्ट आले ते २०१७ साली उघड संघर्षापर्यंत गेले. दोघेही गरीब, दोघेही डोंगरातले. तंटा त्यांच्यात होतो, आणि तो शमविण्यास जो शिपाई उभा केला जातो तो पुष्कळदा दोघांचीही भाषा न जाणणारा असतो.

गोंडांच्या मुलखात हास्याची उणीव आहे असे कोणी समजू नये. दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचे भव्य मुकुट घालून गुसाडी निघतात, दंडारीचे ताफे एका गावातून दुसऱ्या गावात जातात, रात्रभर नाच, गाणी आणि सोंगे चालतात. मार्लवाईच्या कनक राजू यांना त्या नृत्याच्या सेवेसाठी २०२१ साली पद्मश्री देण्यात आली. ज्या समाजाजवळ एवढी जिवंत सोंगाची परंपरा आहे, त्याने अंमलदाराचे सोंग कधी आणलेच नसेल हे शक्य नाही. ते आम्हांला कोणी दाखविले नाही, इतकेच.

म्हणून एका मालिकेची कल्पना माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळत आहे, आणि ती कोणी तरी खरोखरीच उचलावी या हेतूने ती येथे मांडतो. तिचे स्थळ केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेतली पोलीस चौकी असावे. पुष्य अमावास्येच्या आधी मेस्रम कुळाचे गोंड अनवाणी चालत आमच्याच बाजूच्या जन्नारम भागात, हस्तिनमडुगू येथे येतात, गोदावरीचे पाणी भरून घेतात आणि त्या पाण्याने नागोबाचा अभिषेक होतो. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडविली जाते. आणि डोंगरपठारावर काही दिवसांपुरते एक नगर उभे राहते. त्या नगरात गोंड, परधान, कोलाम, थोटी, लंबाडा सर्व येतात. किनवटकडचे बांगडीवाले आणि खेळणीवाले येतात. निर्मल आणि मंचेरियलचे तेलुगू दुकानदार येतात. आदिलाबादचा एखादा मुसलमान चहावाला पाल ठोकतो. या सर्वांच्या मध्यभागी एक राहुटी, एक टेबल, एक नोंदवही, आणि त्या टेबलामागे एक गोंड हेड कॉन्स्टेबल स्त्री. तिला चार भाषा येतात, आणि या जत्रेत चारही पुऱ्या पडत नाहीत. तिचा वरिष्ठ बदलीवर आलेला, नेक, पण या मुलखाशी अनभिज्ञ; त्याला प्रत्येक गोष्ट आधी सांगावी लागते, मग पुन्हा समजवावी लागते, आणि त्याला समजते तेव्हा पाहणाऱ्यालाही समजलेले असते. हरवलेली मुले, सुटलेली बैलजोडी, दोन व्याह्यांचे भांडण, बांगड्यांच्या भावावरून गोंड आणि लंबाडा बायकांची जुंपलेली कलागत, दरबाराच्या दिवशी कलेक्टर आणि पोलीस अधीक्षक यांच्यापुढे मांडावयाच्या अर्जांची लांबलचक रांग: मालिकेला पुरून उरेल एवढे सर्व तेथे आहे. पुष्याची थंडी डोंगरात फार बोचते. एका रात्री मोहाची चढलेला एक वृद्ध त्या राहुटीत आपल्या पायांनी यावा, बाकावर निजावा, आणि तिने नोंदवही मिटून आपले घोंगडे त्याच्यावर घालावे, एवढा प्रसंग त्यात असलाच पाहिजे. मात्र तो आरंभीच्या भागांत येऊ नये. तेथपर्यंत पोचण्यास त्या दोघांना इंद्रवेल्लीवरून जावे लागेल. तिच्या आजोबांनी त्या सोमवारी काय पाहिले आणि गणवेश अंगावर चढविताना घरात तिला कोण काय बोलले, हे आधी यावे लागेल.

ही मालिका लिहिणारा गोंड असावा, आणि संवाद आधी गोंडीत लिहिले जावेत. तेलुगू, मराठी आणि उर्दू त्यांत जत्रेत ऐकू येतात त्या प्रमाणात याव्यात. उटनूरच्या आश्रमशाळांत शिकून आज शिक्षक झालेल्या तरुणांत असे लिहू शकणारे आहेत, याविषयी मला शंका नाही. त्यांच्या हाती पैसा, यंत्रे आणि प्रसारणाची वेळ देणे हे सरकारच्या आवाक्याबाहेरचे काम नव्हे. किनवटच्या त्या बांगडीवाल्याच्या रूपाने आम्हां मराठी लोकांना तीत एका कोपऱ्याची जागा मिळाली, तर मला ती पुरेशी वाटेल.